थंडी संपायच्या आत पहिला काउल विणायचा असेल तर

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी बघितली नाही त्यांना वाटतं मध्य प्रदेशात कसली आलीये थंडी, पण जानेवारीत सकाळी साडेसातला शहराच्या लष्कर भागातून स्कूटर काढून बघा, धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि वारा कॉलरमधून शिरून सरळ छातीत उतरतो. हवामान खात्याच्या हिशोबानं मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याच्या खाली गेलं की ती शीतलहर, आणि ती आमच्याकडे नवी नाही. स्वेटर असतो, जॅकेट असतं, मोजे असतात, उघडा राहतो तो गळा. म्हणून जे कोणी मला विचारतं की ताई विणकाम शिकायचंय, सुरुवात कशानं करू, त्यांना मी एकच सांगते, काउल विणा.

काउल म्हणजे टोकं नसलेला गोल मफलर, डोक्यातून घालायचा की गळ्याभोवती बसला. टोकं नाहीत हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. गाडीवर जाताना मफलरचं किंवा ओढणीचं टोक सुटून मागच्या चाकात अडकतं आणि त्यातून किती भयंकर अपघात होतात ते सगळ्यांना माहीत आहे, तरी रोज रस्त्यावर दहा ओढण्या उडताना दिसतात. काउलमध्ये उडायला काहीच नाही. हेल्मेटच्या पट्ट्याखाली नीट बसतो, वर जॅकेटची चेन लावली की वाऱ्याला वाट राहत नाही.

दुसरं कारण शिकणाऱ्याच्या बाजूचं आहे. लोक पहिल्याच फटक्यात स्वेटर घ्यायला बघतात. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, गळा, मग शिलाई, तोवर होळी येते आणि ती पिशवी कपाटात वर जाते ती जातेच. मफलर सोपा खरा पण पाच फूट एकच एक विणताना नवीन माणूस कंटाळतो. काउलला ६० सेंटीमीटरची पट्टी पुरते. नवशिक्या हातानं एका ओळीला तीन-चार मिनिटं लागतात, साधारण १९० ओळी आहेत, म्हणजे अकरा-बारा तासांचं काम झालं, रोज तासभर बसलात तर दोन आठवडे धरा. आमचा मेळा लागतो (१९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला तो ग्वाल्हेरचा मेळा) त्या सुमारास टाके घातले तर संक्रांतीच्या आसपास गळ्यात पडतो, तिळगुळाची गजक खाताना घालायला मिळतो.

आता आधी शब्दांचं सांगते कारण इथे गोंधळ होतो. आमच्या ग्वाल्हेरच्या घरांत मराठी-हिंदी एकाच ताटात असते, दुकानात गेलात की लोकरीला ऊन म्हणतात, सुईला सलाई आणि टाक्याला, म्हणजे सुईवरच्या एकेका फासाला, फंदा. आणि घरात ऊन म्हणजे वर गच्चीवर पडतं ते. डिसेंबरात आई हाक मारायची "ऊन घेऊन उन्हात ये", आणि ते आम्हाला बरोबर कळायचं. तर मी इथे लोकर, सुई, टाका असंच लिहिते, दुकानात तुम्ही सलाई आणि ऊन मागा. आणखी एक, जुन्या बायका ओळीला पण सुईच म्हणतात, "दहा सुया सुलट" म्हणजे दहा ओळी सुलट. विणकामाच्या जुन्या मराठी कृतींत "पहिली सुई, दुसरी सुई" असं लिहिलेलं असतं ते हेच, दहा सुया विकत आणायला जाऊ नका.

सामान काय आणायचं

सुया. घरात आईच्या नाहीतर आजीच्या सुया असतातच आणि त्या बहुतेक १०, ११, १२ नंबरच्या असतात, स्वेटरच्या. आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. नवशिक्यानं ६ नंबरची जोडी घ्यावी. बारीक सुईवर टाके दिसत नाहीत, काम पुढे सरकत नाही, आणि लोक समजतात की आपल्याला जमतच नाहीये, पण त्यात त्यांचा काही दोष नसतो. पहिल्यांदा बांबूच्या किंवा लाकडाच्या सुया मिळाल्या तर उत्तम कारण त्यावरून टाके घसरत नाहीत, स्टीलच्या गुळगुळीत असतात, हात बसला की त्याच वेगवान वाटतात.

लोकर. जाड घ्या, आणि जाड मिळाली नाही तर अडू नका, नेहमीच्या स्वेटरच्या लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणा, डबल करून. एक गोळा बाहेरच्या टोकानं, दुसरा पण बाहेरच्या, दोन वेगळ्या वाट्यांत ठेवा म्हणजे गुंता होत नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण होतं पण तुम्ही १५० आणा. का ते सांगते. एका वर्षी मी एका दुकानातून १०० ग्रॅम मरून लोकर आणली, शेवटच्या बोटभर पट्टीला कमी पडली, परत जाऊन तोच रंग मागितला तर दुकानदार म्हणाला तोच आहे घेऊन जा. ट्यूबलाइटखाली खरंच तोच वाटत होता. घरी आणून विणला, दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात बघितलं तर शेवटची पट्टी सरळ वेगळी, विटकरी दिसत होती, आणि नेमकी पुढून. गोळ्याच्या कागदावर लॉट नंबर छापलेला असतो, एका कढईत एकदा रंगवलेला माल तो एक लॉट, तो नंबर सगळ्या गोळ्यांवर सारखा आहे का बघूनच पैसे द्या.

आता शुद्ध लोकर की ॲक्रिलिक. बाजारात स्वस्त असते ती बहुतेक ॲक्रिलिक, लुधियानाहून येते, रंग सुंदर, मशीनमध्ये धुता येते, शिकायला काही वाईट नाही. पण ऊब खऱ्या लोकरीचीच. मेंढीचा केस कुरळा असतो, त्या वळणांमध्ये हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवाच आपल्याला गरम ठेवते, लोकर स्वतः काही उष्णता तयार करत नाही, आपलीच बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाफ शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, धुक्यात हे फार कामाचं आहे, ॲक्रिलिकमध्ये हे होत नाही, श्वासाच्या वाफेनं ते दमट होतं आणि मग गार पडतं. दुकानदार "प्युअर है" म्हणतो तेव्हा चार बोटं धागा मागून घ्या आणि घरी स्टीलच्या ताटलीत चिमट्यानं धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत लगेच विझते आणि मागे राहते ती राख बोटात चुरा होते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो.

टोचते का तेही आधीच बघायचं. तळहाताला मऊ लागलेली लोकर गळ्याला टोचू शकते, तिथली कातडी नाजूक असते. गोळा दुकानातच हनुवटीखाली दोन मिनिटं दाबून धरा, लाजू नका. खाज सुटली तर तो रंग कितीही आवडला तरी सोडा, टोचणारा काउल कुणी घालत नाही. मेरिनो मेंढीची लोकर परवडत असेल तर तिची तार बारीक असते, टोचत नाही.

बाकी एक मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, मोजायची टेप, क्रोशाचा एक हुक (टाका सुटला तर देवासारखा धावून येतो). बस.

घरात जुना स्वेटर असेल तर

हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे. उसवायला घेतलेला जुना स्वेटर, शुद्ध लोकरीचा, आजकाल बाजारात मिळत नाही तशी लोकर असते त्यात. शिलाई आधी काढा, मग विणणं जिथे संपवून टाके बंद केलेत त्या टोकाकडून उसवत या, खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जा म्हणजे लच्छी होते. लच्छी चार ठिकाणी दोऱ्यानं सैल बांधा, नाहीतर धुताना जो गुंता होतो तो सुटायला दोन दुपारी जातात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, सावलीत दांडीवर टांगा आणि खालून एखादा हलका हँगर अडकवा. वाळली की ती नूडल्ससारखी वळणं सरळ होतात. मग गोळा करताना लोकर ताणून गुंडाळू नका, गोळ्याखाली दोन बोटं ठेवून त्यांच्यावरून गुंडाळा आणि बोटं काढून घ्या, आत पोकळ जागा राहते, लोकर ढिली राहते. ताणलेली लोकर विणून झाल्यावर धुतली की आटते आणि माप चुकतं.

नमुना टाळू नका

नमुना म्हणजे छोटा तुकडा, खऱ्या कामाच्या आधीचा. सगळ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, मलाही वाटायचा, आणि माझा पहिला काउल कानाच्या वर अडकला, डोक्यातून खाली उतरलाच नाही. घेराला नव्वद टाके घातले होते, कुठल्यातरी मासिकात लिहिले होते म्हणून, पण त्यांची लोकर वेगळी, त्यांचा हात वेगळा. माझा हात घट्ट आहे. आठ दिवसांचं काम उसवलं मी.

तर २० टाके घालून २५-३० ओळी सुलट विणा (टाके घालणं आणि सुलट टाका दोन्ही खाली सांगितलंय, आधी ते वाचून घ्या). तुकडा सपाट ठेवा, न ताणता, आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते वेडेवाकडे असतात. समजा १६ आले. आपल्याला काउलची उंची २४ सेंटीमीटर हवी, हनुवटीपासून कॉलरच्या हाडाच्या खालपर्यंत, म्हणजे १६ गुणिले २४ भागिले १०, आले ३८. कुणाचे १४ आले तर ३४ टाके घ्यायचे. एवढंच गणित आहे. आणि घेर मोठ्या माणसाला ५८ ते ६० सेंटीमीटर, आठ-दहा वर्षांच्या मुलाला ५० आणि उंची १८. डोक्याला टेप लावून बघा, बहुतेकांचं ५५ ते ५८ भरतं, विणलेलं कापड ताणतं त्यामुळे उतरतं. पाळण्यातल्या बाळाला मात्र काउल घालून झोपवू नका, तोंडावर सरकतो.

टाके घालणं

लोकरीचं टोक साधारण मीटरभर सोडा आणि तिथे सरकगाठ मारून ती सुईत घाला. सुई उजव्या हातात, गोळ्याकडचा धागा पण उजव्या हातात, आणि सुटं टोक डाव्या अंगठ्याला एक वळसा देऊन मुठीत धरा. आता सुईचं टोक अंगठ्यावरच्या पुढच्या धाग्याखालून वर घाला, उजव्या हातानं गोळ्याचा धागा सुईच्या टोकावरून फिरवा, आणि अंगठ्यावरचा फास सुईच्या टोकावरून पलीकडे सोडून द्या. टोक हळूच ओढा. झाला एक टाका. वाचताना किचकट वाटतं, हातानं तीनदा केलं की बोटांना आपोआप समजतं, वाचत वाचतच हातात सुई घेऊन करा.

असे ३८. घट्ट घालू नका. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी दोन्ही सुया एकत्र धरून त्यावर टाके घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी, कड आपोआप सैल येते.

सुलट टाका

टाके असलेली सुई डाव्या हातात, धागा कामाच्या मागे. रिकामी सुई पहिल्या टाक्यात समोरून मागे घाला, दोन सुयांची फुली होते आणि उजवी मागे असते. धागा उजव्या सुईच्या टोकाखालून घेऊन दोन सुयांच्या मधून आणा. आता उजवी सुई जरा खाली घेत तो नवा वळसा टाक्यातून आपल्या बाजूला बाहेर काढा, आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडा. संपली ओळ की सुया हातात बदला आणि परत तेच. सगळ्या ओळी सुलट. याला दोन्ही बाजूंनी सारख्या आडव्या वळ्या येतात, कडा मुडपत नाहीत, म्हणून पहिल्या काउलला हेच. दोन ओळींची एक वळी होते, म्हणजे ओळी मोजत बसू नका, वळ्या मोजा.

माझी भाची अकरा वर्षांची असताना शिकायला बसली तेव्हा चौथ्या ओळीला तिची सुईच आत जाईना, डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. मी तिचे हात बघत बसले थोडा वेळ. ती प्रत्येक टाका सुईच्या अगदी टोकावर, निमुळत्या भागावर करत होती, आणि तिथे सुई बारीक असते म्हणून टाका पण तेवढाच बारीक होत होता, मग तो मागे जाड भागावर सरकणार कसा. तिला म्हटलं सोने, टाका झाला की सुई आत ढकल, जाड भागावर बसू दे त्याला, मग पुढचा. आणि करंगळीभोवतीचे धाग्याचे दोन वळसे काढून एकच ठेव. पुढच्या ओळीत सुई सर्रकन गेली. तुमचंही अडलं तर आधी हेच बघा, टाका सुईच्या कुठल्या भागावर तयार होतोय.

गडबड झाली तर

टाके वाढणं ही नव्या लोकांची सगळ्यात नेहमीची तक्रार, ३८ चे ४३ होतात आणि पट्टी त्रिकोणी व्हायला लागते. नव्वद टक्के वेळा चूक ओळीच्या पहिल्या टाक्यात असते. धागा सुईच्या वरून मागे ओढला जातो आणि पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो, तुम्ही दोन्ही विणता. धागा आधी खाली ओढा, मग सुईच्या खालून मागे न्या. दर चार ओळींनी टाके मोजा, पहिल्या आठवड्यात तरी.

टाका सुटला तर घाबरून ओढू नका, लोकर लगेच पळत नाही, खरखरीत असते. शिडीसारखे आडवे धागे दिसतात, क्रोशाचा हुक सुटलेल्या टाक्यात घालून एकेक पायरी त्यातून ओढत वर या आणि परत सुईवर ठेवा. आमच्या या आडव्या वळ्यांच्या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते, सलग एकाच बाजूनं घेतलं तर तिथे उभी रेघ दिसते.

आणि ज्यांना उसवायची फार भीती वाटते त्यांच्यासाठी एक युक्ती, दर २० वळ्यांनी एक वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा बोथट सुईनं त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा, विणायची सुई जशीच्या तशी राहू द्या. पुढे कितीही घोटाळा झाला तरी उसवताना काम त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं. झाल्यावर दोरा ओढून काढायचा.

गोळा संपला तर नवा गोळा ओळीच्या सुरुवातीलाच लावा, दोन्ही टोकं बोटभर लांब सोडा, मधे गाठ मारू नका, गळ्याला गाठ लागते. शुद्ध लोकर असेल तर टोकं सोडायचीही गरज नाही, दोन्ही टोकांचे पदर उकलून एकमेकांवर ठेवा, ओले करा आणि दोन्ही तळव्यांत जोरात चोळा, लोकरीच्या केसावरचे बारीक खवले एकमेकांत अडकून धागा जुळतो. ॲक्रिलिकला खवलेच नसतात, ते जुळत नाही.

टाके बंद करणं आणि शिवणं

६० सेंटीमीटर झाले, साधारण ९५ वळ्या, की बंद करा. दोन टाके सुलट विणा, डाव्या सुईनं पहिला उचलून दुसऱ्यावरून पलीकडे टाका, एक उरला. अजून एक विणा, परत मागचा उचलून टाका. शेवटी एक उरला की धागा हातभर ठेवून कापा आणि त्यातून ओढून घ्या. इथेही हात सैल, जमलं तर एका नंबरानं जाड सुईनं.

मग पट्टी सपाट ठेवा, दोन्ही टोकं समोरासमोर आणा, पट्टीला पीळ पडला नाही ना ते बघा, आणि त्याच उरलेल्या धाग्यानं एक टाका या बाजूचा एक त्या बाजूचा असं शिवत जा. ओढून घट्ट करू नका नाहीतर तिथे दोरीसारखी शीर होते. शिवण मागे मानेवर येऊ द्या.

घरात वयस्कर माणसं असतील, चष्मा, टोपी, डोक्यातून काही घालायला नको म्हणतात, त्यांच्यासाठी शिवू नका. पट्टी ४-५ सेंटीमीटर जास्त विणा, एका टोकाला तीन मोठी बटणं लावा, दुसऱ्या टोकाला त्याच लोकरीच्या तीन लूप. मी आमच्या शेजारच्या काकांना असा दिला, ते तो फेब्रुवारीपर्यंत काढत नाहीत.

दुसरा काउल

पहिला झाला की उलट टाका शिका. धागा कामाच्या पुढे आणा, सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, पुढच्या बाजूनं घाला, धागा सुईवरून फिरवा, वळसा मागे ढकला, सोडा. सुलट टाका आपल्याकडून V सारखा दिसतो, उलट टाका आडव्या मण्यासारखा. हे वाचता आलं की विणकाम आलं म्हणा, मग कुठल्या ओळीत कुठे आहोत हे कागद न बघता कळतं.

दोन सुलट दोन उलट, ही स्वेटरच्या बॉर्डरची वीण, गळ्याला चिकटून बसते. हा दुसरा काउल गोल सुईवर (दोन छोट्या सुया, मधे लवचीक तार) करा, शिवण नको आणि काम सारखं समोरूनच दिसतं. ४० सेंटीमीटरची गोल सुई, ९६ टाके (चारनं भाग जायला हवा), जोडायच्या आधी सगळी कड सुईच्या आतल्या बाजूला वळवून ठेवा. एक पीळ जरी राहिला तर पुढे तो सुटत नाही, सगळं उसवावं लागतं. म्हणून मी दोन ओळी साध्या सपाट विणते आणि मग गोल जोडते, तोवर कड ओळखता येते, खालची छोटी फट नंतर सुटलेल्या टोकानं शिवते. जोडाच्या जागी एक रंगीत दोरा अडकवा, तो आला की एक फेर झाला. सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे, परत येताना मागे, हे विसरलात की मधेच नवा टाका उगवतो.

धुणं आणि घालणं

विणून झाला की लगेच घालू नका, एकदा धुवा, त्यानं टाके नीट बसतात. रिठ्याचं पाणी सगळ्यात चांगलं, नाहीतर सौम्य साबण, पाणी कोमट. पंधरा मिनिटं भिजवा, चोळू नका, गरम पाणी आणि चोळणं या दोन्हीनं शुद्ध लोकर आटून नमद्यासारखी, दाबलेल्या जाड थरासारखी होते आणि परत येत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सपाट पसरून हातानं मापाला आणा. ऊन न पडणाऱ्या दिवसांत दोन दिवस लागतात वाळायला, घाई करून इस्त्री फिरवू नका, ॲक्रिलिक तर इस्त्रीनं कायमचं मरतं, लोळागोळा होतं.

घालायचं कसं तर आत सुती बनियन, त्यावर स्वेटर, मग काउल आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट, काउलची खालची कड जॅकेटच्या आत. विणलेल्या कापडातून वारा आरपार जातो, म्हणून गाडीवर नुसत्या काउलनं भागत नाही. हेल्मेटचा पट्टा काउलवरून पक्का लागला पाहिजे, आणि कड डोळ्यांपर्यंत ओढू नका, श्वासानं काच धुरकट होते, धुक्यात आधीच दिसत नसतं. घरी आलात की काउल काढून उलटा करून टांगा, तोंडाजवळचा भाग दमट असतो.

अजून दोन गोष्टी थंडीच्या. शेकोटीपाशी बसताना ॲक्रिलिकचा काउल काढून ठेवा, ठिणगी पडली तर ते कातडीला चिकटतं. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका, कधीच नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. दर हिवाळ्यात उत्तरेत यानं घरंच्या घरं जातात. जाड रजई घ्या, मोजे घाला, काउल घालून बसा, पण शेगडी झोपायच्या आधी बाहेर.

होळीनंतर ठेवताना धुऊन, दोन दिवस उन्हात घालून मगच ठेवा, कसर घामाच्या आणि तेलाच्या वासावर आधी येते. सुकवलेला कडुनिंबाचा पाला सुती पिशवीत घालून सोबत ठेवा. आणि उरलेली लोकर, असेल वीस-तीस ग्रॅम, त्याच पिशवीत, कागदावरच्या लॉट नंबरासकट, कधी भोक पडलंच तर तोच रंग हाताशी असेल.